बाटलीमागची तारीख

वाटरस्खापचं पत्र यंदाही आलं. थंडी पडायच्या तोंडावर ते दरवर्षी येतं. वाटरस्खाप म्हणजे इथलं पाण्याचं खातं. तुमच्या घरात कोण राहतं, काय करतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. घरामागून पाणी धड वाहतं की नाही, एवढीच त्यांची चौकशी. पत्रात लिहिलेलं असतं की अमुक आठवड्यात आमचा माणूस येईल, घरामागचा चर बघेल, तोवर तुमच्या वाट्याचं गवत आणि गाळ काढून ठेवा. द हेगच्या कडेला, समुद्राच्या पातळीखालच्या जमिनीवर बांधलेल्या घरांच्या रांगेत आम्ही राहतो. या रांगेतल्या प्रत्येक घराला मागच्या चराचा बारा-पंधरा पावलांचा तुकडा वाटून आलेला आहे.

"माणूस बोलवूया की," अमेय म्हणाला. "अख्खा शनिवार जाईल तुझा." माझा हा नवरा पुण्यात चौथ्या मजल्यावर वाढला. पाण्याची आणि त्याची ओळख नळाखाली झालेली. मी नको म्हटलं, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, दाताळं घेतलं आणि उतरले. लेक खिडकीतून डचमध्ये काहीतरी म्हणाली, बहुधा माझ्या अवताराबद्दल. मी मराठीत दटावलं, ती डचमध्ये हसली. आमच्या घरात असंच चालतं.

लव्हाळ्याचा पहिला गोळा बाहेर ओढला आणि तो वास आला. कुजकं गवत, काळा गाळ, आणि त्याखाली गंजक्या लोखंडाचा. मातीच्या धरणाच्या पायथ्याला हाच वास असतो. दरवर्षी या वासापाशी मी अडते आणि दरवर्षी तोच मोसम परत येतो, करोनाच्या पहिल्या वर्षाचा, परतीच्या पावसाचा.

माझे वडील, तात्या, एका लहानशा मातीच्या धरणाचे चौकीदार होते. धरण म्हटलं की लोकांना मोठाले दरवाजे आणि फेसाळतं पाणी आठवतं. आमच्या धरणात फोटो काढण्याजोगं काही नव्हतं. दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा लांबलचक भराव, पाण्याच्या अंगाला दगड लावलेले, गावाच्या अंगाला गवत, एका टोकाला सांडवा आणि पोटातून गेलेली एक मोरी. मोरीचं चाक फिरवलं की पाणी पाटात सुटायचं. भरावाच्या खालच्या अंगाला चाळीसेक घरांची वस्ती होती, त्यातच आमचं घर, आणि भिंतीला भिंत लागून शेवंताकाकूंचं. शाळा मात्र वर, टेकाडावर. आम्ही धापा टाकत शाळेत जायचो आणि घरंगळत घरी यायचो.

तात्या रोज तो भराव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, आधी माथ्यावरून आणि मग पायथ्यावरून. बाभळीचं रोप बोटभर असतानाच उपटायचं, नाहीतर मूळ आत जातं, पुढे कुजतं आणि पाण्याला वाट करून देतं. घुशीचं बीळ दिसलं की खणायचं, माती भरायची, धुमसाने ठोकायची. गुरं भरावावर चढू द्यायची नाहीत, आणि या एका कलमावरून अर्ध्या गावाशी त्यांचं भांडण. ते काही शिकलेले नव्हते, पण धरणाबद्दल बोलताना एखाद्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलत. मोठ्याने बोलायचे ते फक्त म्हशींशी.

पायथ्याला एका जागी पाझराचं पाणी गोळा होऊन चारीत पडत असे. मातीचं धरण पाझरतंच, त्यात भिण्यासारखं काही नाही. भ्यायचं ते पाणी गढूळ आलं तर. गढूळ याचा अर्थ पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय आणि वरून हिरवागार दिसणारा भराव आतून पोकळ होत चाललाय. हे ओळखायला तात्यांकडे एक काचेची बाटली होती. चौकीत तारखांचा गठ्ठा टांगलेला असायचा, रोज एक पान फाडायचा तसला. वर तांबड्या अक्षरात वार, खाली मोठा काळा आकडा. आजचं पान फाडायचं, बाटली पाझराने भरायची, कट्ट्यावर ठेवायची आणि पान तिच्या पाठीशी चिकटवून धरायचं. पाण्यातून आकडा वाचता आला की दिवस चांगला. लहानपणी तो वाचायचं काम माझं होतं. पाण्यात आकडा फुगून दिसायचा आणि मी ओरडून सांगायचे, "नऊ!" तात्या म्हणायचे, "नवाचं बेस झालं." मग ते पान खिशात जायचं.

वर्षातून दोनदा पाटबंधारे खात्याचे साहेब यायचे, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. गाडी सांडव्यापाशी थांबायची. बरेचसे साहेब पायथ्याला उतरायचेच नाहीत. उतरायला चिखल, चढायला दम. तात्या नोंदवही पुढे करत आणि अगदी गरीब चेहऱ्याने विचारत, "साहेब, तिसऱ्या जागंचा पाझर बघिटला न्हवं?" साहेब म्हणत, "हो हो, बघितला. ठीक आहे." आमच्या धरणाला पाझराची जागा एकच होती. तात्या मान डोलवत, "बरं. करा मग सही," म्हणत पेन देत. रात्रीच्या जेवणाला ते मला साहेबांची नक्कल करून दाखवत आणि ठसका लागेस्तोवर हसत. एकदा मात्र न हसता म्हणाले, "सही करनाऱ्याला काय जातंय? झोपायचं आपल्याला हाय खाली."

मी माती शिकले. पुण्यात पदवी, मग इथल्या विद्यापीठात पुढचं शिक्षण, मग नोकरी. झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसून मी बांधांची गणितं करते. कुठल्या बांधातून किती पाणी झिरपेल, माती कधी सरकेल, हे पडद्यावर रंगीत पट्ट्यांत दिसतं. तात्या गावभर सांगायचे की पोरगी हॉलंडची चौकीदार झाली. मी म्हणायचे, "इंजिनिअर हो तात्या." ते म्हणायचे, "त्येच की."

ते निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच गेली नाही. ते मात्र भराव चालतच राहिले, पगार नसताना, गुडघे कुरकुरत असताना. वाकवेनासं झालं तशा बाभळी वाढल्या. त्यांनी अर्ज दिले, खात्याने ते घेतले. मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, आणि नेमका त्याच वसंतात करोना आला आणि दवाखान्यांनी अशी सगळी कामं पुढे ढकलली. तात्यांना सगळं जग ताकातून दिसू लागलं. बाटलीमागचा आकडा वाचता येईना. वस्तीत कुणाला बोलवावं तर लोक एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहायला तयार नव्हते. तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी पाठवलेल्या मोबाइलवर फोटो काढायला ते चार दिवसांत शिकले. बाटली कट्ट्यावर, पान तिच्या पाठीशी दगडाने अडकवलेलं, आणि पाठोपाठ फोन. "आलं का? वाच."

गावाकडे चार वाजलेले असत, इथे साडेबारा. पाव-चीज खायची इथली वेळ. जेवणाच्या टेबलावरच माझं ऑफिस आलं होतं, अमेयचं माळ्यावर, लेकीची शाळा पायऱ्यांवर. मी फोटो बोटांनी मोठा करायचे, पाण्यातून आकडा शोधायचे आणि सांगायचे, "एकवीस." तात्या म्हणायचे, "एकवीसचं बेस झालं." मग काय जेवलात, खोकला आहे का, मुखपट्टी लावता का. ते अर्धं मिनिट मला दिवसभर पुरायचं. इतक्या लांब राहून मी त्यांच्या डोळ्यांची जागा घेतली आहे, असा एक गोड समज मी करून घेतला होता.

त्या वर्षी इथला वसंत कोरडा गेला. इथले काही बांध कुजट मातीचे, वाळले की भेगाळतात. मग यंत्रं बाजूला ठेवून माणसं बांधावरून पायी चालतात आणि काठी घालून भेगेची खोली बघतात. मीही दोन दिवस चालले, सहकाऱ्यापासून दोन हात लांब. तात्यांना हे सांगितलं तर केवढा आनंद! "म्हंजी तिथंबी चालावंच लागतं म्हन," ते म्हणाले. "मला वाटलं तुमचं समदं बटनावर."

बटणावरच होतं, तात्या. मी फोटो मोठा करून बघायचं कधी सोडलं, हे मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. एखाद्या दिवशी मीटिंग लांबली असेल, घाईत नुसती नजर टाकली असेल, आकडा सांगितला असेल आणि तो बरोबर निघाला असेल. निघणारच, कारण पान आजचं आणि आजची तारीख मला ठाऊक. माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ती दिवसभर लिहिलेली असते. वेगळं पान लावा, असं सुचवायला मला कितीसा वेळ लागला असता? मोजमापं तपासण्याचंच काम करते मी. पण वडिलांच्या बाटलीकडे मी मोजमाप म्हणून बघतच नव्हते. म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा, असं माझ्या मनात कुठेतरी बसलेलं होतं. हे लिहिताना लाज वाटते.

तिकडे परतीचा पाऊस आठवडाभर मुक्कामाला होता. खात्याचा फोन कुणी उचलत नव्हतं; आमच्या भागाचे इंजिनिअर करोनाच्या कामावर, नाक्यावर लोकांचा ताप मोजत होते. इकडे पानं पिवळी पडली होती आणि हॉटेलं पुन्हा बंद झाली होती. त्या दिवशी साडेबाराला मी मीटिंगमध्ये होते, एका बांधाच्या सुरक्षिततेबद्दलच्या. दहा चौकोनांत दहा चेहरे. फोटो आला, फोन आला. मी आवाज बंद करून फोन कानाला लावला.

"रेखे, पानी मला गढूळ वाटतंय आज."

"तात्या, तुम्हाला हल्ली सगळंच गढूळ दिसतं. डोळे तसेच आहेत ना अजून?"

"म्हनून तर तुला ईचारतोय. वाच बरं."

मी फोटोवर नजर टाकली. तळहाताएवढ्या पडद्यावर एक बाटली, मागे कागद. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तारीख.

"सोळा," मी म्हटलं.



"सोळा दिसतंय? नीट बघिटलंस?"

"हो हो, बघितलं. ठीक आहे. मी मीटिंगमध्ये आहे तात्या, संध्याकाळी बोलू?"

"बरं," ते म्हणाले. "कर मग सही."

मला हसू आलं. जुनी गंमत आठवली त्यांना, असं वाटलं. हसतच मी फोन ठेवला आणि माझी पाळी आल्यावर बांधांच्या नियमित देखरेखीचं महत्त्व या विषयावर चार मिनिटं बोलले. लोकांना आवडलं. संध्याकाळी फोन करायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी धरण फुटलं. शेवंताकाकूंचा फोन आला तेव्हा मी लेकीच्या पावाला लोणी लावत होते. काकूंना धड बोलता येत नव्हतं. तुकड्यातुकड्यांतून मला कळलं ते असं. आदल्या दिवशी माझ्याशी बोलून झाल्यावर तात्या घरोघर फिरले. वस्ती रिकामी करा, वर शाळेत चला. पण शाळेत करोनासाठी वेगळे ठेवलेले लोक होते. बुडायचं ते बुडू, पण तिथे जायचं नाही, असं लोक म्हणायला लागले. चौकीदाराचं कोण ऐकतं, त्यातून ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा. तेव्हा तात्या म्हणाले, "मी न्हाई सांगत. माझी रेखा सांगत्या हॉलंडवरनं. तिनं फोटू बघिटला. पानी गढूळ हाय, आत्ताच्या आत्ता निघा म्हनली."

"तुझं नाव काढलं आन् मानसं उठली बघ," काकू म्हणाल्या. "लेकरंबाळं, कोंबड्या, समदी वर गेली. तू व्हतीस म्हनून वाचलो गं बाय."

सगळ्यांना व्हरांड्यात नाकाला पदर लावून बसवलं, आणि उजाडताच तात्या एकटे खाली गेले. मोरीचं चाक फिरवून जमेल तेवढं पाणी सोडावं, म्हणजे आतला जोर कमी होईल, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. मीही तेच सांगितलं असतं. चाक बरीच वर्षं कुणी फिरवलेलं नव्हतं. भराव मधोमध खचला तेव्हा ते चाकापाशीच होते. दोन दिवसांनी पाटाच्या वळणावर सापडले. विमानं मोजकी होती. माझं तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. चिता मी जेवणाच्या टेबलावर पाहिली, कुणाच्या तरी हलत्या हातातल्या मोबाइलमधून. अमेयनं खांद्यावर हात ठेवला. तो हात मला नको होता, पण तसं म्हणवलं नाही.

पुढच्या वर्षी गावी गेले. धरणाच्या जागी दोन टेकड्यांना चिकटलेले मातीचे दोन तुकडे होते आणि मधून शेरडं चरत होती. फुटलेल्या कडेला बाभळीच्या कुजलेल्या मुळांची भोकं दिसत होती, बोट जाईल एवढी. शाळेत सत्कार ठेवला होता. फलकावर तात्यांचा लहान फोटो आणि माझा मोठा. सरपंचबाई बोलल्या, परदेशात राहूनही गावावर लक्ष ठेवणारी लेक. शाल, श्रीफळ. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी उठून सांगायला हवं होतं. चाळीस घरांचे लोक समोर बसलेले होते, जिवंत. मी नारळ घेतला, हात जोडले आणि खाली बसले. आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, अमेयलाही नाही.

गेल्या मंगळवारी वाटरस्खापचा माणूस आला. साठीचा, उंच, हातात काठी. माझ्या वाट्याचा चर बघून त्याने मान डोलावली, मग चालण्याच्या वाटेखालून जाणाऱ्या नळीकडे काठी करून विचारलं, "पलीकडचं तोंडही मोकळं आहे ना? बघितलंय?"

"हो," मी म्हटलं. शब्द तोंडातून गेला होता. तो वहीत लिहायला लागला. "नाही," मी म्हटलं. "बघितलेलं नाही." त्याने वर पाहिलं, राग वगैरे काही नाही, आणि म्हणाला, "मग बघून या." मी बुटांसकट चिखलातून पलीकडे गेले, वाकले, हात घातला. नळी अर्धी तुंबलेली होती. दोन्ही हातांनी गाळ काढला. तो शांतपणे थांबला होता.

तो गेल्यावर मी वर जाऊन तो फोटो उघडला. धरण फुटलं त्या दिवशी एकदाच पाहिला होता. पाणी चहासारखं तांबूस, मागचा आकडा दिसत नाही. एवढं बघून बंद केला होता. त्यापुढे बघायची हिंमत झाली नव्हती. आता ऑफिसने घरी दिलेल्या मोठ्या पडद्यावर घेतला आणि आधीच्या दिवसांचे फोटोही शेजारी लावले. आधीच्या प्रत्येक फोटोत बाटलीच्या मानेच्या वर कागदाची कड दिसते आणि तिच्यावर तांबड्या अक्षरात वार दिसतो. सोमवार. मंगळवार. बुधवार. शेवटच्या फोटोतही कड दिसते. तिच्यावर काही नाही. बाटलीच्या दोन्ही बाजूंनी कागद बाहेर डोकावतोय, तिथेही काही नाही. खालच्या कोपऱ्यात मागल्या बाजूची छपाई पुसट उमटलेली आहे, उलटी.

तात्यांनी पान उलटं लावलं होतं. कोऱ्या बाजूने.

आणि मी त्यावर सोळा वाचलं. ते ऐकून त्यांनी फोन ठेवला, चिखलातून वस्तीत आले आणि पावसात दारोदार हिंडून, चाळीस घरांत, माझी सही केली.